सतरा गुरू, त्यात मी नाही

मधू,

तुझ्या शोकसभेत मी पाऊण तास बोललो आणि एकदाही कुणी मला अडवलं नाही. तेव्हा मला कळलं की तू खरंच गेलास.

मी म्हणालो, आज इथे दोन हजार माणूस लोटलंय. कुणी हूं की चूं केलं नाही. मी म्हणालो, मधूने मिलमध्ये एका पाळीत इंदूर ते खंडवा पुरेल एवढं कापड मोजलं. लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तर डोळे टिपले. मी दर वाक्यानंतर थांबून भिंतीकडच्या खुर्च्यांकडे बघत होतो, कारण तू नेहमी भिंतीला पाठ लावून बसायचास आणि तिथूनच आवाज यायचा, "प्रोफेसर, पासष्ट माणसं आहेत. त्यातली चार चुकून आलीत, त्यांना वरच्या हॉलमध्ये बारशाला जायचंय." आवाज आला नाही. मग मलाच मजा येईना. आपण फेकावं आणि समोरच्यांनी ते मुकाट्याने झेलून घरी न्यावं, यात कसली आलीय गंमत? मी दोन हजारांवरून सातशेवर आलो, मग दोनशेवर. शेवटी स्वतःच म्हणालो, "असो, सत्तरएक असू आपण," आणि खाली बसलो.

बावन्न वर्षं तू माझ्या गोष्टी मोजल्यास. तुझं कामच ते. परदेशीपुऱ्यातल्या मिलच्या फोल्डिंग खात्यात दिवसभर तयार कापड मोजून घड्या घालायचास आणि संध्याकाळी सुटून आलास की तीच पट्टी मला लावायचास. मी बिबट्या आणला की तू त्याचा कुत्रा करायचास. मी अकरा लाडू खाल्ले की तू ते अडीचवर आणायचास, आणि वर सांगायचास, "उरलेला अर्धा याच्या खिशात होता. मुंग्या लागल्या तेव्हा कळलं."

आणि ती रंगपंचमीची गोष्ट! माझी सगळ्यांत लाडकी. रंगाची मिरवणूक, आपली गेर, निघालेली, राजवाड्यासमोर पाय ठेवायला जागा नाही, गाड्यांवरून रंगाच्या पाण्याच्या तोफा सुटलेल्या, आणि त्यातली एक थेट माझ्या छातीवर. त्या पाण्याने मला जो उचलला तो सरळ तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नेऊन ठेवला. आत एक कुटुंब जेवायला बसलेलं. घरची बाई म्हणाली, "आलाच आहात तर बसा." मी सात पुऱ्या आणि वाटीभर श्रीखंड खाल्लं, हात धुतले, जिन्याने खाली आलो आणि पुन्हा गेरीत शिरलो. ही गोष्ट मी लग्नांत सांगितली, वर्गांत सांगितली, एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंडात बोळे असताना सांगितली. तू आसपास असलास की अगदी शांतपणे म्हणायचास, "तिसरा मजला नाही. ओटा. छातीएवढा. स्वतःच चढला होता आणि स्वतःच घसरला. श्रीखंड पण नाही. शेव होती, ती पण माझी."

मिल बंद पडली तेव्हा सगळ्या परदेशीपुऱ्यात माणसं भरदिवसा दारात बसून होती. मी तुझं सांत्वन करायला आलो, चांगलं अर्ध्या तासाचं भाषण बांधून. तू शेजारणीच्या शिवणयंत्राचं चाक उघडून त्यात डोकं घातलं होतंस. वर न बघता म्हणालास, "बैस. आठवीत शाळा सुटली होती ना माझी, आता पुढची सुरू करतोय."

"या वयात?"

"मग कोणत्या? मागच्या वयात आता कसं जाऊ यार?"

माझं तसं नव्हतं. माझं शिक्षण वेळच्या वेळी पूर्ण झालं होतं. दोन विषयांत एम.ए., आणि मग पस्तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. हे मी तुला एकदा जरा ऐटीत ऐकवलं, तर तू विचारलंस, "पूर्ण झालं म्हणजे काय? पोळीसारखं भाजून खाली उतरवलं?"

मी म्हणालो, "डिग्री म्हणतात त्याला, मधू."

"हां, बघितलीय. तुझ्या हॉलमध्ये टांगलीय. तिच्यामागे पाल राहते."

तुझ्या शाळेला इमारत नव्हती आणि घंटाही नव्हती. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येतं, त्याच्यापुढे जाऊन बसायचं, एवढंच. पण बसायचास ते रीतसर. हात जोडून विचारायचास, "शिकवाल का?" आणि तो हो म्हणाला की त्या दिवसापासून तो तुझा गुरू, मग तो तुझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान का असेना. गुरुपौर्णिमेला त्याच्या दारात तू नारळ घेऊन हजर. गुलाबाची कलमं करणारा माळी, रक्तदाब मोजायला शिकवणारी नर्स, पेटीचे सूर लावणारा म्हातारा, सगळ्यांना नारळ आणि वाकून नमस्कार. त्या नर्सबाई तर पहिल्या वर्षी इतक्या घाबरल्या की त्यांनी आधी तुझाच रक्तदाब बघितला.

सगळ्या इंदूरला नारळ. फक्त माझ्या घरी नाही.

आता तू नाहीस म्हणून कबूल करतो. दर गुरुपौर्णिमेला मी सकाळी आठ वाजता इस्त्रीचा कुर्ता घालून व्हरांड्यात बसायचो. मंदा आतून विचारायची, "कुणी यायचंय का हो आज?" मी म्हणायचो, "कोण येणार? हवा खातोय." साडेआठला तुझी स्कूटर कोपऱ्यावर दिसायची, पायापाशी नारळांची पिशवी. मी पेपर उघडून फार गंभीर चेहरा करायचो. तू हॉर्न वाजवायचास, हात करायचास, आणि पुढे निघून जायचास. पुढे, मधू! ज्याने पस्तीस वर्षांत निदान चाळीस हजार मुलं शिकवली (बरं, चार हजार), त्याच्या दारावरून तू पंक्चर काढायला शिकवणाऱ्या पोराकडे जायचास. एकदा न राहवून मी विचारलंही होतं, "इतकी वर्षं माझं ऐकतोयस. माझ्याकडून काहीच नाही शिकलास?" तू चहाच्या कपात बघत म्हणालास, "बघू." बघू! हा काय जबाब झाला? त्या "बघू"चं पुढे काय झालं ते सांगायच्या आधीच तू झोपेत निघून गेलास, आणि आपलं भांडण माझ्या हातात अर्धं ठेवून गेलास.

तुझं तेरावं झालं, त्यानंतर चारच दिवसांनी गुरुपौर्णिमा होती. आदल्या दिवशी नलूवहिनींचा फोन आला.

"भाऊजी, नारळ आणून ठेवलेत. या वर्षी तुम्ही जाल का? मला एवढं फिरवत नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगावं असं वाटत नाही."

मी म्हणालो, "वहिनी, शंभर नारळ असले तरी डोक्यावरून नेतो."

"सतरा आहेत," वहिनी म्हणाल्या. बघ, तुझ्या घरात राहून त्यांनाही सवय लागलीय.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर तुझी यादी होती. तुझं ते मिलच्या ताग्यावरच्या शिक्क्यासारखं सरळ अक्षर. नाव, मोहल्ला, आणि पुढे काय शिकलास ते. मी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. मग चष्मा पुसून परत. वहिनी बघत होत्या.

"तुमचं नाव नाहीये त्यात, भाऊजी."

"छे छे! मी कुठे ते बघतोय? अक्षर बघतोय."

"मी विचारलं होतं त्यांना. म्हटलं, रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसता, एक नारळ त्यांनाही द्या. तर म्हणाले, प्रोफेसरला नारळ दिला तर तो शिकवायला लागेल."

मी इतक्या जोरात हसलो की वहिनीही पदर तोंडाला लावून हसल्या, तू गेल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच. पण घरी येताना ते वाक्य मला बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं. तेव्हाच ठरवलं की यादीतल्या एकेकाला गाठायचं आणि बघायचं, या लोकांत असं काय होतं जे माझ्यात नव्हतं.

पहिलं नाव किरणचं. परदेशीपुऱ्यातली ई-रिक्षावाली. तिच्याकडून तू रिक्षा चालवायला शिकलास आणि मागे घेताना एका मांडवाचे तीन खांब पाडलेस, हे मला ठाऊक होतं. (दोन. तिसरा आधीच वाकडा होता, असं तू म्हणायचास.) मी नारळ दिला, ती रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "बैठो अंकल, आज पूरा चक्कर मैं ही लगवाऊँगी." सोळा नारळ आणि मी मागे बसलो. दोन गल्ल्या गेल्यावर ती आरशातून बघून म्हणाली, "अंकल, आप वो ही हो ना? राजवाड़े वाले?"

"कौन राजवाड़े वाले?"

"अरे, जिनको गेर में पानी ने उड़ा के सातवीं मंज़िल पे फेंक दिया था!"

मी दांडा घट्ट धरला. "किसने बताया?"

"मधू अंकल ने, और किसने! क्या किस्से सुनाते थे वो, भगवान कसम. हँसते-हँसते मेरा एक बार ब्रेक छूट गया. बोलते थे, आप ऊपर पोंचे तो एक अम्मा ने आपको इक्कीस पूरी खिलाई, फिर आपने कबूतरों को लेक्चर दिया, और एक भी कबूतर बीच में उठ के नहीं गया."

मधू! तू? जो माझ्या तिसऱ्या मजल्याचा ओटा करायचा, तो माझ्या पाठीमागे मला राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर चढवत होता? आणि सात पुऱ्यांच्या एकवीस? मी रिक्षात बसल्या बसल्या विचार करायला लागलो. थापेचे माझे तीन नियम आहेत, कुणाला कधी सांगितलेले नाहीत. आकडा नेहमी विषम असावा. मधे काहीतरी खायला असावं, खाण्यावर लोक विश्वास ठेवतात. आणि शेवटी साक्षीदार असा असावा, ज्याला विचारायला जाता येत नाही. एकवीस, पुरी, कबुतरं. तिन्ही तंतोतंत! हे सुचलेलं नव्हतं, मधू. हे बघून बघून, ऐकून ऐकून, बाजूला बसून उचललेलं होतं.

सराफ्यात तुझा पटवा भेटला, मोती आणि मणी गाठवणारा. दुपारची वेळ, दागिन्यांची दुकानं उघडी, आणि हा एका ओट्यावर अंगठ्याला दोरा बांधून बसलेला. लग्नाच्या पंगतीत वहिनींचं मंगळसूत्र तुटलं आणि मणी थेट वाढप्याच्या कढीत गेले, तेव्हापासून तू याच्याकडे गाठ शिकायला जायचास. सात महिने लागले तुला. त्याने नारळ कपाळाला लावला आणि मला निरखून म्हणाला, "भिया, आप ही वो प्रोफेसर साब? जिनकी क्लास में साँड आके बैठ गया था?"

माझ्या वर्गात एकदा कुत्रा शिरला होता. मी सांगताना वासरू करायचो.

"पूरा घंटा बैठा, ऐसा केते थे मधूजी," पटवा हरखून सांगत होता. "लड़के सो गए, पर साँड जागता रिया. फिर उसने हाज़िरी भी दी!"

त्या ओट्यावर उभं राहून मी किती रंग बदलले असतील! आधी राग आला. माझा माल, आणि याने सगळ्या गावात वाटला. मग हेवा वाटला, कारण हजेरी देणारा सांड मला कधीच सुचला नव्हता. आणि मग, मधू, छाती अशी काही फुगली की सराफ्याच्या त्या गल्लीत मी मावेना. तू माझ्याकडून शिकला होतास! नारळ न देता, न विचारता, चोरून. पण असंही वाटलं की माझी थट्टा करत असशील. घरी मोजायचं, बाहेर फुगवायचं, म्हणजे हा माणूस मला हसत होता की काय? दिवसभर मी या दोन्हींच्या मधे हेलकावे खात राहिलो. पेटीवाला, माळी, नर्स, प्रत्येकाकडे माझी एकेक गोष्ट निघाली आणि प्रत्येक गोष्ट माझ्यापेक्षा मोठी.

शेवटचा नारळ उरला. यादीत लिहिलं होतं, "रेखा. छत्रीबाग. फॉल-पिकोचं दुकान." आणि पुढे, काय शिकलास त्या जागी, "बोलणं."

इथे मात्र माझं डोकं फिरलं. बोलणं! बोलणं शिकायला तू छत्रीबागेत गेलास? मी जिवंत असताना? शेजारच्या गल्लीत राहत असताना? माझ्या गोष्टी बिनधास्त उचलल्यास आणि बोलणं शिकलं म्हणून नारळ त्या फॉल-पिकोवालीला?

वाटेत किरणने रिक्षा हळू केली. "अंकल, एक बात है. रेखा दीदी को अभी पता नहीं है. हर गुरुवार मैं ही मधू अंकल को छोड़ती थी वहाँ. तीन गुरुवार से वो राह देख रही है. मैं दो बार गई, मेरे से नहीं हुआ. आप बता दोगे ना? आप तो बोलने में एक नंबर हो."

"बोलने में?" मी म्हणालो. "ये तो मेरे बाएँ हाथ का खेल है."

दुकान म्हणजे एक खोली, एक यंत्र, दोरीवर साड्या. यंत्रामागे चाळिशीच्या एक बाई मान खाली घालून. मी दारातूनच माझा वर्गातला आवाज लावला, "नमस्कार रेखाजी! मैं मधुकरजी का मित्र!" साड्या हलल्या असतील, रस्त्यावरची गाय थांबली, पण बाईंनी मान वर केली नाही. मी आणखी मोठ्याने म्हणालो. मागून किरण म्हणाली, "अंकल, वो सुनती नहीं हैं. बचपन से."

मधू, पस्तीस वर्षांत मला प्राचार्यांनी गप्प केलं नाही, संपातल्या पोरांनी केलं नाही, मंदाने तर प्रयत्नच सोडला. त्या दारात मी गप्प झालो. तोंड उघडं, आवाज आत.

मग किरणने सांगितलं ते तू मला कधी सांगितलं नव्हतंस. वहिनींची साडी तू इथे टाकली होतीस, हातवारे करून समजावलं होतंस, आणि फॉल पदराला लागून आला होता. वहिनी चिडल्या. तू साडी घेऊन परत आलास, पण तक्रार करायला नाही. वहीवर लिहिलंस की चूक तुमची नाही, मलाच बोलता आलं नाही, शिकवाल का? त्यानंतर दीड वर्ष दर गुरुवारी तू त्या यंत्रासमोरच्या स्टुलावर बसून हातांची भाषा शिकत होतास. आणि मला सांगायचास की गुडघ्याला शेक घ्यायला जातोय.

रेखाबाईंनी मला बघितलं. नारळ बघितला. त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, तू येतोयस का ते. मग मला ओळखून (तू माझा फोटो दाखवला होतास म्हणे) माझ्याकडे बोट केलं आणि दोन्ही हात दोन दिशांना एवढे लांब फेकले की दोरीवरची साडी खाली आली.

"ये आपका नाम है, अंकल," किरण म्हणाली. "मधू अंकल ने रखा है. सबका रहता है ना इनमें."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. हातांनी. मला त्यातलं एक अक्षर येत नाही, तरी सगळं कळलं, कारण ती माझीच होती. गर्दी. पाण्याची तोफ. मी उडालो. किती उंच उडालो, मधू! त्या स्टुलावर चढल्या मला वर न्यायला. पुऱ्या खाल्ल्या, फुगलेल्या, एकामागून एक. कबुतरं आली. मी हात हलवून कबुतरांना शिकवलं. आणि मग, माझ्या गोष्टीत मी जिन्याने उतरतो ना, तसं नाही झालं. त्यांच्या हातांतला मी कठड्यावरून घसरलो आणि खाली यायला लागलो. त्या स्टुलावरून उतरल्या, जमिनीवर पाय रोवून उभ्या राहिल्या, आणि त्यांनी दोन्ही हात पसरून वर पाहिलं. खाली कुणीतरी उभा होता. त्याने मला झेललं. आणि मग त्यांनी डावं मनगट उजव्या हाताने धरून तोंड वाकडं केलं.

तोपर्यंत मी हसत होतो.

त्या ओट्यावरून मी घसरलो तेव्हा खाली तू होतास. तुझं मनगट मोडलं. महिनाभर प्लास्टर होतं आणि तू मिलमध्ये एका हाताने कापड मोजलंस. बावन्न वर्षं मी ही गोष्ट सांगितली, तिच्यात तोफ घातली, श्रीखंड घातलं, परक्या घरातली बाई घातली, आणि तुला एकदाही घातलं नाही. तू मजले दुरुस्त केलेस, पुऱ्या दुरुस्त केल्यास, शेव कुणाची तेही सांगितलंस. हे एवढंच कधी दुरुस्त केलं नाहीस. वाट बघत होतास का रे? की मलाच एक दिवस आठवेल?

रेखाबाईंनी वही पुढे केली, मापं लिहायची. त्यात लिहिलं, "सच है?"

मी लिहिलं, "सातवीं मंज़िल झूठ. पकड़ा था, वो सच." आयुष्यात एवढं छोटं उत्तर मी कधीच लिहिलं नव्हतं.

त्या हसल्या आणि पुन्हा माझ्या मागे बोट दाखवून विचारलं, ते कुठे आहेत? आले नाहीत?

वही माझ्याच हातात होती. लिहायचं फक्त. खडूने हजार फळे भरणारा हात, पण तो वाक्य लिहीना. मी वही ठेवली. तळहात गालाखाली ठेवून डोळे मिटले. मग डोळे उघडून मान हलवली, आणि रिकामे हात पुढे केले. बस, एवढंच. काही वाढवलं नाही. वाढवायला काही नव्हतंच.

त्यांनी यंत्राचं चाक उगाच एकदा फिरवलं. लगेच हातानेच थांबवलं. किरण दारात तोंड फिरवून उभी होती. मग रेखाबाईंनी डोळे पुसले, तुझं स्टूल माझ्याकडे सरकवलं, आणि अंगठा आणि पहिलं बोट अगदी जवळ आणून मला दाखवलं, मधे जेमतेम एका मण्याएवढी फट. तुझं नाव. मी करून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि माझी बोटं आणखी जवळ दाबली. मी परत केलं. परत चूक. मी तुला फार मोठा करत होतो म्हणे.

तेव्हा मी जे केलं, मधू, ते मी चोविसाव्या वर्षानंतर केलेलं नाही. हात जोडले आणि वहीत लिहिलं, "सिखाएँगी?"

आता सांगतो, हे किती अवघड आहे. पस्तीस वर्षं मी एकाच वहीतल्या नोट्स वाचून दाखवल्या, तिची पानं शेवटी शेवटी चहासारखी झाली होती. मला कधी भीती वाटली नाही, कारण मला माहीत होतं तेवढंच मी विचारायचो. या स्टुलावर दर गुरुवारी मला नवं काहीतरी येत नसतं. मागच्या खेपेला मी "धन्यवाद" म्हणायला गेलो आणि साडी न्यायला आलेल्या दोघी बायका पोट धरून हसल्या. मी काय म्हणालो ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही. माझी बोटं जाडी आहेत, मनगट वळत नाही, आणि विसरतो तर असा की घरी पोचेपर्यंत चारपैकी तीन खुणा गेलेल्या. पण मधू, मजा येते रे. सकाळी उठल्यावर आज काहीतरी माहीत नाही, ही काय चीज आहे! हे तू एकट्याने एवढी वर्षं खात होतास आणि मला नुसता वासही दिला नाहीस.

नारळाचं जाऊ दे. तुझ्या यादीत मी नाही, याचं आता वाईट वाटत नाही. (वाटतं. पण अडीच टक्के.) तू माझ्याकडून जे शिकलास ते तू मोठं केलंस. मी तुझ्याकडून जे शिकायला हवं होतं त्याला आत्ता बसलोय, एकाहत्तराव्या वर्षी, पहिल्या बाकावर. मागच्या बाकावर बसायची सोय इथे नाही, बाक एकच आहे.

रेखाबाई कडक आहेत. या आठवड्याला त्यांनी गृहपाठ दिलाय. दिवसभरात घडलेली एक साधी गोष्ट, जशी घडली तशी, हातांनी सांगायची. काही जोडायचं नाही. मी सोमवारपासून आरशासमोर उभा आहे. भाजी आणायला गेलो होतो, एवढंच सांगायचंय, पण दर वेळी हात आपोआप पसरतात, दुधीचा खांब होतो, रस्त्यात हत्ती येतो. मंदा दारातून बघते आणि म्हणते, "हत्ती काढा." काढतो. तर उंट येतो.

उद्या गुरुवार आहे, मधू, आणि माझा अभ्यास झालेला नाही.